एका घंटीवर गाडी थांबते

पिपरी मेघे, वर्धा
१६ एप्रिल २०२५

धम्मदीप,

जय भीम. वर ‘चिरंजीव’ लिहिणार होतो, पण सध्या तुझ्यावर रागावलो आहे म्हणून नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद आहेतच, ते माझ्या रागाला विचारून येत नाहीत.

फोन असताना हा म्हातारा कागद काऊन खराब करतो, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि मी बोलत सुटतो, शेवटी काय ठरलं ते दोघांनाही सांगता येत नाही. आणि खरं कारण म्हणजे तुझी लेक. मी बोलत असलो की मयुरी तिथेच कुठेतरी असते, आणि एकदा ऐकलेलं ती टाकून देत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आपलं दोघांचं वाजलं होतं, ते तिनं पुढे किती दिवस ताटावर बसून म्हणून दाखवलं. तुझा आवाज वेगळा, माझा वेगळा. दीपमाला सूनबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून यापुढे या घरातली भांडणं कागदावर.

परवा बाबासाहेबांची जयंती झाली. मिरवणूक आपल्याच गल्लीतून गेली, डीजे असा की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. दरवर्षी या दिवशी काय होतं ते तुला माहीत आहे. मयू समोरच्या खोलीतली दोरी ओढते, एक घंटी देते, मी खिडक्या लावून तिला मागच्या खोलीत नेतो. मिरवणूक नाक्यावर गेली की ती डबल घंटी देते, मग आम्ही दोघं बाहेर येऊन बुंदी खातो. यंदा तिनं दोरीला हात लावला नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पायरीवर बसून राहिली. मी जाऊन पाहिलं तर अंगाला कापरं भरलेलं, ओठ पांढरे पडलेले. मीच उचलून आत आणली.

त्या घंटीची तू नेहमी थट्टा करायचास. मी कंडक्टरीतून रिटायर झालो तेव्हा डेपोतल्या ओमप्रकाश मेकॅनिकनं ती भंगारात निघालेल्या गाडीतून काढून दिली होती. मी हौसेनं खोलीभर दोरी ताणली तर तुझी आई म्हणाली, "रिटायर झाला तरी हा माणूस एष्टीतून उतरत नाई." पुढे मयू चार वर्षांची झाली, वेणी घालायला बसवलं की किंचाळायची, स्वतःचं मनगट चावायची. एकदा मी केस विंचरत असताना ती उठून पळाली आणि तिनं दोरी ओढली. टिंग. माझा हात आपोआप थांबला. जन्मभराची सवय, दुसरं काय. तेव्हापासून घराचा कायदा झाला. एक घंटी म्हणजे जे चाललं आहे ते थांबवायचं. डबल घंटी मिळेपर्यंत पुन्हा सुरू करायचं नाही. घराबाहेर दोरी नसली तर ती तोंडानं ‘टिंग’ म्हणते. ‘नको’ हा शब्द तिला आजवर आला नाही. हेच तिचं ‘नको’.

फेब्रुवारीत तू तिला त्या उपचार केंद्रातून परत आणलीस. तेव्हापासून आपल्या घरात घंटी वाजलेली नाही.

हैदराबादहून मयूशीही फोनवर बोल कधीतरी. ती उत्तर देणार नाही, पण फोन कानाला लावून धरते.

तुझा बाप


पिपरी मेघे
३ मे २०२५

धम्मदीप,

दीपमालाला तुझा निरोप पोचला. उपचाराची दुसरी फेरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली म्हणतोस. ठरवणारा तू एकटा, हे वाचून गंमत वाटली.

त्या केंद्रातल्या मुलीचा फोन आला होता. गोड बोलते. मुलगी एका जागी बसते का? बसते. वेणी घालू देते का? देते. नखं काढू देते का? देते. गर्दीत रडते का? नाही. प्रत्येक उत्तरावर ती ‘अरे वा’ म्हणत होती. मग तिनं विचारलं, जुनी वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायची ती सवय? दीपमाला म्हणाली, ते बंदच झालं. तेव्हा तर तिला एवढा आनंद झाला की मला वाटलं फोनातून पेढा देते की काय.

ती जुनी वाक्यं कोणती होती, सांगू? तुझी आई पंचफुला गेल्यापासून रोज सकाळी नळ आला की मयू तिच्याच आवाजात हाक मारायची, "आयकता का, नळ आला." तोच सूर, शेवटी तोच वैताग. मी बादली घेऊन उठायचो, दारापर्यंत जायचो आणि मग आठवायचं. लोक म्हणतील भीती नाही वाटली? पहिल्यांदा वाटली. नंतर मी त्या हाकेची वाट पाहून झोपायला लागलो. आता नळ येतो आणि जातो, कोणी सांगत नाही. तुझी आई या घरातून दोनदा गेली, असं मला वाटतं.

मी मयूला मेडिकल कॉलेजच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. ज्यांनी पहिल्यांदा आपल्याला स्वमग्नता हा शब्द सांगितला, त्याच. त्यांना सगळं सांगितलं, की कमरेच्या हाडातला मगज काढतात, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यात सुई घालून परत सोडतात. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, ऑटिझमवर याचा उपयोग होतो असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि संशोधनाबाहेर उपचार म्हणून हे देऊ नये असेच नियम आहेत. मी विचारलं, मग शांत कशी झाली? त्यांनी मयूला तपासायला घेतलं. मयूनं त्यांना तोंड उघडून दाखवलं, हात पुढे केला, सांगतील ते सगळं केलं. मागच्या वेळी याच खोलीत तिनं टेबलाखाली बसून ‘टिंग’, ‘टिंग’ ओरडत नुसता धिंगाणा घातला होता. बाई म्हणाल्या, "आजोबा, ही शांत आहे की घाबरलेली आहे, ते तुम्ही घरचे ओळखा." बोलण्याची आणि हातापायांची शिकवणी पुन्हा सुरू करा म्हणाल्या. हळूहळू होतं, पण होतं.

तुझंही मला कळतं रे. केंद्राकडे निघालात त्या दिवशी स्टेशनवर तू म्हणालास ना, "बाबा, तुमी आज आहा, उद्या नाई. मंग आमी नाई. मंग तिचं कोण?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. जो कोणी उत्तर देतो म्हणेल त्याच्या दारात तू जाऊन उभा राहशील, हेही मला कळतं. तेव्हा डबा मीच बांधून दिला होता, आनंदानं. पण त्या खोलीत आत फक्त तू होतास. दीपमालाला बाहेर बसवलं होतं. तू येऊन सांगितलंस की झोपेचं औषध दिलं, मयूला काही कळलंसुद्धा नाही.

खरंच तसं झालं का, एवढं एकदा लिही.

बाबा


पिपरी मेघे
१९ मे २०२५

धम्मदीप,

तुझं उत्तर आलं नाही. ऊन मी म्हणतं आहे, कूलरसमोरून उठवत नाही. दीपमाला शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली, म्हणून दुपारी घरात दोन माणसांचा आवाज असतो.

एक बातमी द्यायची आहे. मयू पुन्हा बोलायला लागली. एखादा शब्द नाही, पूर्ण वाक्यं. मराठी आणि हिंदीसुद्धा. दिवे लावायच्या वेळेला बोलते, रोज.

काय बोलते ते आज लिहीत नाही. आम्ही दोघं ऐकतो. दीपमाला मधेच उठून स्वयंपाकघरात जाते. शेजारच्या शोभाबाई एकदा दारात होत्या, त्या म्हणाल्या, "धम्मदीप आला का जी? आवाज आला ना आत्ता." मी म्हटलं टीव्ही होता.

तुझी तब्येत सांभाळ. हैदराबादला मेसचं जेवण कसं आहे ते कळव.

बाबा


पिपरी मेघे
२ जून २०२५

धम्मदीप,

मागचं पत्र वाचून तू दीपमालाला फोन केलास आणि रडलास. ऑफिसात मिठाई वाटलीस. त्या केंद्रवाल्यांना कळवलंस, आणि आता ते मयूचा व्हिडिओ मागत आहेत, की बघा मुलगी बोलायला लागली. रविवारी तिला न्यायला येतो म्हणालास. दीपमाला नाही म्हणाली तर तू म्हणालास, "आता तं फरक दिसून राह्यला, आता काऊन अडवता?"

तेव्हा आता मी लिहायलाच पाहिजे. आधी लिहायला हात उचलत नव्हता.

मे महिन्यात एका दुपारी मयूचा गुडघा खरचटला. दीपमालानं कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसायला गेली. तो वास नाकात गेला आणि मयू फरशीवर कुशीला झोपली. गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीत घातली. आम्हाला वाटलं गुडघा दुखतो. मग तिच्या तोंडून एक बाई बोलली. "घुटना पेट से लगाओ. हिलना नहीं. पापा, पैर पकडो जोर से."

मग मयूचा स्वतःचा आवाज. "टिंग."

मग तू बोललास, धम्मदीप. खाकरून बोलायची तुझी सवय, तीसुद्धा होती. "झालं बेटा, झालं. दोनच मिनिटं. घंटी नाई वाजवायची आता."

"टिंग." पुन्हा "टिंग."

मग त्या बाईनं विचारलं, "ये क्या बोल रही है?"

आणि तू म्हणालास, "कुछ नहीं मॅडम, ऐसेच बोलती है."

तेवढं झालं आणि ती उठून पाणी प्यायली. जणू गाडी शेवटच्या स्टॉपवर रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा कुशीला झोपली, पुन्हा तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तेव्हापासून रोज. स्पिरिटचा वास लागत नाही आता.

तुझा आवाज आम्हा दोघांना सोडत नाही. परवा मी ओट्याजवळ पाहिलं तर दीपमालानं चहाचं आधण ठेवलेलं, तीन कपांचं. विचारलं तर म्हणाली, "बाबा, मले वाटलं हे आले." मग गॅस बंद करून तिथेच उभी राहिली. तू घरात नाहीस, आणि रोज संध्याकाळी तू या घरात आमच्या पोरीचे पाय धरून बसलेला असतोस.

झोपेचं औषध दिलं असेल, चढलं नसेल. त्या लोकांनी तुला काय सांगितलं असेल, सुई आत असताना हलली तर पाय जातील असं काही, तेही मी समजू शकतो. मी तुला राक्षस समजत नाही. मी फक्त एवढंच समजतो की त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं होती, त्यांतल्या कोणालाच ‘टिंग’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माहीत असलेला एकच माणूस होता. तो कंडक्टरचा पोरगा होता, आणि त्यानं सांगितलं, ऐसेच बोलती है.

तिनं थांबा म्हटलं आणि गाडी थांबली नाही. मग ती दोरी कशाला ओढेल? म्हणून ती वेणी घालू देते, नखं काढू देते, डीजेपुढे बसते. त्या मुलीनं फोनवर ज्याला ‘अरे वा’ म्हटलं, ते हे आहे. आणि बोलायला लागली म्हणून तू मिठाई वाटलीस, ते हे बोलणं.

रविवारी येऊ नकोस. आलास तर मुक्कामाला ये, न्यायला येऊ नकोस.

बाबा


पिपरी मेघे
८ जून २०२५, रविवार, दुपार

चिरंजीव धम्मदीप,

माझं दोन तारखेचं पत्र तुला मिळालं नव्हतं, हे तू दारात उभा राहिलास तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. नवा फ्रॉक आणला होतास. हसत होतास. ते पत्र आता हैदराबादला तुझ्या खोलीच्या दाराखाली पडलेलं असेल. वाचू नकोस, त्यात होतं ते तू आज ऐकलंस.

हा कागद पोस्टात टाकत नाही. दीपमाला याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते आहे, कारण तू फोन उचलत नाहीस, आणि तू निघून गेल्यावर इथे काय झालं ते तुला माहीत नाही.

तू गेलास तोपर्यंतचं तू पाहिलंसच. दीपमाला दाराला आडवी उभी राहिली, तू तिला बाजूला केलंस, मयू मुकाट्यानं जाऊन गाडीत बसली. कुठे जायचं विचारलंसुद्धा नाही, म्हणजे मान वाकडी करून विचारते तसंही नाही. तू म्हणालास, "पाहा बाबा, किती समजदार झाली." मी तेव्हाच सगळं सांगायला पाहिजे होतं. तू तिच्या हाताला ते सॅनिटायझर चोळलंस, प्रवास आहे म्हणून. त्याला स्पिरिटचाच वास येतो.

ती मागच्या सीटवर कुशीला झोपली, गुडघे पोटाशी घेतले आणि सुरू झाली. तुझा हात तिच्या खांद्यावर होता तो तसाच राहिला. तुझा आवाज तिच्या तोंडून आला तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, जसं कोणी पाठीमागे उभं आहे. मग त्या बिचाऱ्या ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, काय बोलून राह्यली हो ही?"

उत्तर तिनंच दिलं, तुझ्याच आवाजात. "कुछ नहीं मॅडम, ऐसेच बोलती है."

तू तिला उचलून आणलंस, ओसरीवर बसवलंस, फ्रॉकची पिशवी बाजूला ठेवलीस. तिचे पाय दोन्ही हातांनी धरलेस आणि लगेच सोडलेस, जसं काही भाजलं. नंतर आमच्यापैकी कोणाकडे न पाहता गाडीत जाऊन बसलास आणि काच वर केलीस. मी फाटकापर्यंत येईस्तोवर ड्रायव्हरनं गाडी काढली. पाणीही न पिता गेलास.

आता पुढचं ऐक, म्हणजे वाच.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मयू उठली. आत गेली. खुर्चीवर चढली, कारण उन्हाळ्यात मी दोरी वर बांधून ठेवली होती, कोणी वापरत नाही म्हणून. तिनं ती दोरी ओढली. एक घंटी. धम्मदीप, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मी फाटकात होतो, मला वाटलं माझेच कान वाजतात. तुझी गाडी वळणावर होती, काचा बंद. तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

दीपमालानं धावत जाऊन कुकर खाली उतरवला. मी टीव्ही बंद केला. कायदा तो कायदा. तिनं पुन्हा एक दिली. आम्ही पंखा बंद केला, कूलर बंद केला, शोभाबाईंना ओरडून त्यांचा मिक्सर बंद करायला लावला. ती आमच्याकडे पाहतच नव्हती. दोरी धरून फाटकाकडे पाहत होती आणि थोड्या थोड्या वेळानं एकच घंटी देत होती. शेवटी दीपमाला खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, घरातलं काहीच नाई थांबवायचं तिले. त्याइले थांबवून राह्यली ते."

ज्या माणसानं तिची घंटी ऐकली नाही त्यालाच ती पुन्हा घंटी देते आहे. मला यातलं शहाणपण कळत नाही, मी एवढा मोठा माणूस नाही. मी असतो तर दिली नसती.

तू आता रेल्वेत असशील, हैदराबादच्या वाटेवर. तुझी गाडी बल्लारशाला बराच वेळ थांबते, तिथे इंजिन पाहतात, पाणी भरतात. उतरायला तेवढा वेळ पुष्कळ आहे. तुला काय बोलायचं, माफी कशी मागायची, दीपमालाकडे कसं पाहायचं, असलं काही ठरवत बसू नकोस. ते इथे आल्यावर पाहू. त्या केंद्राला फोन करून नाही म्हण आणि उतर. मुलगी जशी आहे तशी आहे, आणि आपल्यानंतर तिचं कोण, हा प्रश्न आपण तिघं मिळून घेऊन बसू, रोज थोडा थोडा. एकट्यानं तो घेऊन पळत सुटलास म्हणूनच त्या दारात पोचलास.

घामानं हा कागद ओला झाला आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. कूलर अजून बंद आहे. कुकर ओट्यावर तसाच पडला आहे, आम्ही जेवलो नाही. मयू खुर्चीवर उभी आहे आणि हातातली दोरी सोडत नाही.

डबल घंटी तिनं अजून दिलेली नाही.

तुझा,
बाबा